सादर अभिवादन करून

बॅलार्ड इस्टेटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
एका देशाचं अख्खं परराष्ट्र खातं
माझ्या ड्रॉवरमध्ये मावत असे:
दोन शिक्के, पॅड, लाखेची कांडी,
आणि डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला झेंडा.

मानद वाणिज्यदूत आमचे दुभाषशेठ.
नाव दुभाष, भाषा एकच, गुजराती.
धंदा जहाजांच्या दोरखंडांचा.
त्या देशाच्या एका बोटीने कधीकाळी उधारी चुकती केली,
एवढ्या ओळखीवर ते दूत झाले
आणि मी त्यांचा कारकून, पाठारे.
एकतीस वर्षांत मी तो देश पाहिलेला नाही.
त्याचे सगळे सण मात्र सुट्टी म्हणून पाळले.

तिथून आमच्याविषयी सूचना येत, त्या मी फाइल करी:
मुंबईत नळाचं पाणी पिऊ नये.
अनोळखी व्यक्तीने दिलेला खाद्यपदार्थ स्वीकारू नये.
इथून त्यांच्याविषयी निघत, त्यांचं मराठी मी करी:
काळोख पडल्यावर बंदराकडे जाऊ नये.
अनोळखी व्यक्तीने दिलेला खाद्यपदार्थ स्वीकारू नये.
या एका कलमावर
दोन्ही सरकारांचं कराराविना एकमत होतं.

मग कुणाच्या तरी भाषणातल्या एका क्रियापदावरून
संबंध स्थगित झाले.
शेठ म्हणाले, पाटी उतरव, पितळ जपून ठेव.
सूचनेचा पिवळा रंग नारिंगी झाला:
अत्यावश्यक नसलेला प्रवास टाळावा.

त्याच आठवड्यात रुकय्याबाई सोलकर आल्या.
गाव हर्णै, मुक्काम डोंगरी, जमातीची खोली.
मुलगा इम्तियाज, बोटीवर ऑइलर.
मालक बुडाला, बोट त्या बंदरात जप्त,
आठ महिने माणसं बोटीवरच.
नारिंगी कागद त्यांनी दोनदा वाचला.
"अत्यावश्यक कुणी ठरवायचं?"

मी अर्ज पुढे केला. कारणाचे चार चौकोन:
पर्यटन, व्यापार, शिक्षण, इतर.
'इतर'वर बोट ठेवून त्या म्हणाल्या,
"हा फारच बारीक आहे."

हा अर्जही आता चालत नाही, हे सांगायला माझी जीभ रेटेना.
त्यांनी डबा उघडला. फणसाची सांदणं.
अनोळखी व्यक्तीने दिलेली.
मी तीन खाल्ली.

"तुम्हाला त्यांची बोली येते ना? मग लिहा."
मला येते ती खलित्यांची. दुसरी येत नाही.
लेटरहेडला मनाई, म्हणून कोरा कागद घेतला.
एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली:

श्रीमती रुकय्या दाऊद सोलकर
आपल्या बंदर खात्यास सादर अभिवादन करतात
आणि कळवण्याचा मान घेतात की
इम्तियाज यास थंडीतही पंख्याशिवाय झोप लागत नाही;
त्याचा डावा कान लहानपणी वाहत असे,
त्यास वारा लागू देऊ नये;
तसेच, जेवलो असे तो म्हणाला तरी जेवलेला नसतो.
वरील बाबींवर उभय देशांत मतभेद नसावा, असे त्या मानतात,
आणि या संधीचा लाभ घेऊन
आपल्याविषयीच्या सर्वोच्च आदराची पुनश्च ग्वाही देतात.

"हे शेवटचं कशाला?"
पद्धत आहे, मी म्हटलं.
बाईंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं.
"पोरगा आधी सोडा म्हणावं.
आदर मागाहून पाठवू."

मी ती ओळ खोडली.
या कचेरीतून आदराविना गेलेला हा पहिला कागद.

जीपीओत खिडकीवरच्या मुलीने देशाचं नाव वाचलं,
मागे वळून कुणाला तरी विचारलं,
एक जाडं पुस्तक चाळलं.
"भांडण आहे ना त्यांच्याशी?"
आहे, मी म्हटलं.
"आम्हाला अजून कळवलेलं नाही,"
ती म्हणाली, आणि पाकीट काट्यावर ठेवलं.
वीस ग्रॅमच्या आत बसलं.