नऊ लिटर

पेटी लिटरात मोजतात, हे मला ठाऊक नव्हतं.
दूध मोजावं, रंगाचा डबा मोजावा, तसं.
ओत्सो दुकानात दाखवत होता :
ही वीस लिटरची, ही चौदा,
आणि ही – आवाज उगाच खाली आणून – नऊ.

मी स्वयंपाकघरांची कपाटं बसवतो, बावीस वर्षं.
औलूतल्या निम्म्या भिंती वाकड्या आहेत
आणि कुठल्या भिंतीत माझी किती पाचर आहे
ते मला झोपेतही सांगता येईल.
मिलिमीटर मला कुणी शिकवू नये.

पण सैमी. अकरा वर्षांची.
तिनं दप्तर फरशीवर आडवं केलं,
वह्या बाहेर, अर्धा खाल्लेला राईचा पाव बाहेर,
आणि एकेक रिकामी पेटी आत घालून
चेन ओढून पाहू लागली.

मी म्हटलं, मोठी घेऊ. हवा खेळती राहील.
पंखे मोठे, म्हणजे आवाज कमी.
पुढेमागे काही वाढवायचं झालं तर हात जाईल आत.
घर बांधताना म्हणतात ते सगळं म्हणून झालं.
ती म्हणाली, मूठ कुठाय?
कशाला मूठ?
उचलायला.

एक आठवडा माझ्याकडे, टोप्पिलात.
एक आठवडा हेल्काकडे, कौकोवाइनिओला.
आम्ही दोघांनी शहाणपणानं सगळं दोन-दोन घेतलं होतं :
दोन ब्रश, बर्फातल्या बुटांचे दोन जोड,
गणिताचं पुस्तकसुद्धा दोन्हीकडे,
रविवारी तिनं रिकाम्या हातानं बसमध्ये चढावं म्हणून.
आम्हाला वाटायचं, रिकामे हात म्हणजे हलके.

घोडं अडलं ते सतरा मिलिमीटरवर.
ग्राफिक्स कार्ड, मागच्या वर्षी मीच घेतलेलं,
तीन पंख्यांचं, हौसेनं,
नऊ लिटरात मावेना.
ओत्सो म्हणाला, मग चौदाची घ्या.
मी म्हणालो, पुढची पट्टी कापून देतो, पत्राच तर आहे.
सैमी म्हणाली, कार्ड बदलू.
ओत्सोनं तिला समजावलं, मोठ्या माणसाशी बोलावं तसं :
छोट्या कार्डावर पाण्यातली प्रतिबिंबं जातील,
झाडांच्या सावल्या खडबडीत होतील.
तिनं विचार केला. खरंच केला, नख कुरतडत.
जाऊ देत सावल्या.

रात्री टेबलावर जोडायला बसलो.
मुंगीनं परवानगी मागून शिरावं एवढी जागा.
माझी बोटं जाड, म्हणून हात तिचे,
मी टॉर्च धरायचा.
लहानपणी वडिलांसाठी धरायचो आणि शिव्या खायचो,
आता मुलीच्या खाल्ल्या : तिकडे नाही बाबा, इकडे!
एक स्क्रू हरवला. पेटी उलटी करून हलवली, कान लावला.
एक वाजता तो माझ्या बाहीच्या दुमडीत सापडला.

पहिल्या रविवारी बाहेर उणे एकवीस.
तिनं माझा जुना लोकरी स्वेटर पेटीला घातला,
बाह्यांची गाठ मारली,
आणि मांडीवर घेऊन बसली खिडकीपाशी.
टाटा करायला हात मोकळे नव्हते.
हनुवटी हलवली.

संध्याकाळी हेल्काचा फोन.
आमच्यात फोन होतो तो कुणी काही विसरलं तरच.
ही येऊन बसलीये, कोटही काढला नाही,
पेटी समोर ठेवून नुसती बघतेय. बिघडलंय का काही?
नाही, म्हटलं, मीच सांगितलंय.
इतक्या थंडीतून आत आणलं की आतल्या आत दव धरतं.
तासभर तसंच ठेवायचं,
खोलीएवढं ऊबदार होईपर्यंत.
मग बटण दाबायचं.

पलीकडून बराच वेळ काही नाही.
मग हेल्का म्हणाली,
आणि मी इतकी वर्षं, दार उघडल्या उघडल्या
तिला विचारत आले, कसा गेला आठवडा...

मीही.
पण ते मी बोललो नाही. घड्याळाकडे पाहिलं.
अजून चाळीस मिनिटं होती.