किटलीचा पोचा

नौशादने रात्री हॉटेलचं शटर ओढलं,
झोपायच्या आधी फोनला चार वाक्यं सांगितली,
आणि सकाळी चाळीस लोगो घेऊन
माझ्या काउंटरपाशी उभा राहिला.
"एक फिल्स लागला नाही," म्हणाला.
मिरवत नव्हता, लाजतही नव्हता,
टोमॅटो स्वस्त मिळाल्याचं सांगावं तसं.

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
बाहेर त्रेचाळीस डिग्री. आत प्लॉटरची सुरी
लाल व्हिनाइलवर कुणाच्या तरी टायरच्या दुकानाचं नाव कापत होती.
मी हात पुसले, चष्मा लावला,
एकेक सरकवत गेलो.

चांगले होते. खोटं कशाला बोलू?
माझा अर्धा आठवडा जातो
ती वाफेची वळणं एका रात्रीत चाळीस वेळा.
फक्त 'शाय'च्या शीनवर
तीनाऐवजी दोनच ठिपके.
मी बोट ठेवलं. नौशाद म्हणाला, "पुढच्या महिन्यात शिकेल ते."
शिकेल. मलाही तसंच वाटतं.

मला दोन वर्षं लागली होती.
मुलतानचे उस्ताद मेहरबान, रोल्यात जिन्याखाली बसायचे,
नुसते ठिपके काढून घ्यायचे.
बोरू टेकवायचा, उचलायचा. एक ठिपका, एक माप.
अलिफ किती ठिपके उंच, नूनच्या पोटात किती मावतात.
मी म्हटलं, उस्ताद, मला अरबी वाचता येत नाही.
"उत्तम," म्हणाले. "वाचणारा घाई करतो."
मग मी त्यांना आपला ळ काढून दाखवला.
बराच वेळ बघत राहिले.
म्हणाले, याला श्वास दोनदा घ्यावा लागतो.

एकविसावा लोगो.
किटली. डाव्या कुशीत, तोटीच्या खाली,
एक पोचा.

आमच्या खोलीत आठ माणसं होती, किटली एक.
दिलावर माणगावकरला फोन आला, मुलगी झाली,
आणि हातातली किटली सुटून फरशीवर आपटली.
सगळे चहात भिजलेल्या पायांनी नाचलो.
त्याच आठवड्यात अजमानच्या एका कॅफेटेरियासाठी
मी किटली काढली, समोर होती तीच बघून,
पोच्यासकट.
मालकाला वाटलं, डिझाइन आहे.
कॅफेटेरिया बुडाला. बोर्ड उतरला.
चित्र कुठल्या कुठल्या फोटोंतून कुठे गेलं, कोण जाणे.

तीच असेल असं नाही.
किटल्या जगभर पडतात.
कुणावर हात ठेवून सांगू, ही माझी?
आणि सांगून मागू काय,
दिलावरची मुलगी?

"हा बरा," नौशाद म्हणाला, नेमका त्यावर थांबून.
"जुना वाटतो. ओळखीचा."
पूर्वी डिझाइनचे तीनशे दिरहम घ्यायचो.
आता फाइल त्याची, कापण्या-चिकटवण्याचे नव्वद.
ऐंशीवर तुटलं.

मी पाट्या रंगवायचो तेव्हा माझ्या कार्डावर होतं गवंडी.
कॉम्प्युटरवर बसलो तेव्हा झालं पेंटर.
कार्ड नेहमी माझ्या एक धंदा मागे असतं.
मार्चमध्ये नूतनीकरण आहे. टायपिंगवाला म्हणतो,
यंदा डिझायनर टाकून देऊ.
टाक म्हटलं. आता हरकत नाही.

संध्याकाळी फाइल उघडली.
शीनला तिसरा ठिपका दिला, तिरका, बोरूच्या टोकासारखा.
त्याचे पैसे लावले नाहीत.
मग किटलीवर आलो.
पोचा सरळ करायचा तर दोन बिंदू ओढायचे,
एवढंच काम.
माऊस तिथे नेला. प्लॉटर वाट बघत गुरगुरत होता.

बोर्ड चढवून शिडीवरून उतरलो तर
नौशाद रस्त्यापलीकडे उभा, मान वर करून.
"कसा दिसतो?"
म्हटलं, पोचा किंचित खाली हवा होता.
"कुठला पोचा?" तो म्हणाला,
आणि आत जाऊन दोन चहा घेऊन आला.