गेजचं रजिस्टर

आबा तापीवर गेज-रीडर होते,
अमळनेरच्या उत्तरेला, जिथून पलीकडे चोपड्याच्या केळी दिसतात.
काळ्या दगडात रोवलेली पांढरी पट्टी
आणि खात्याचं हिरव्या पुठ्ठ्याचं रजिस्टर.
नियम: दर तीन तासांनी नोंद.

एप्रिलचं पान उघडलं तर सगळं ‘वरीलप्रमाणे’.
ऑगस्टच्या एका रात्रीला मात्र अकरा पानं.
हतनूरची दारं उघडलेली, पाणी इथवर पोचलं
आणि पातळीची रेघ कोपरातून मोडली.
त्या मोडीपाशी दर सात मिनिटांनी आकडा,
कागदावर रॉकेलचा डाग,
शाई पसरून चार की पाच ते कळेनासं झालेलं.

साहेबाचा मेमो अजून टाचणीला आहे:
श्री. हिलाल झिपरू बाविस्कर,
नोंदी समान अंतराने घ्याव्यात.

मी आता तीच रेघ धरायला बसते.
बहुपदीनं नाही. बहुपदी भाबडी,
तिला सगळ्या काठावर हजर राहायचं असतं.
मी भागाकार घेते, वर एक बहुपदी, खाली एक.
छेद जिथे शून्य होतो त्या जागा
रेघेवर नसतातच;
बाजूला, केळीत कुणी उभं असावं तशा,
तिथून ओढतात.

चूक सगळ्यांना सारखी वाटायची.
एकदा वर, एकदा खाली, तेवढीच.
वरून खाली येताना ती शून्यातून जाते,
तेवढ्याच जागी नदी आणि माझी रेघ
एकमेकींना हात लावतात.
या जागा मी निवडत नाही.
सगळ्यात चांगली रेघ सापडली
की मागाहून कळतात.

काल मोजल्या. एकोणीस.
चौदा त्या एका रात्रीच्या कोपऱ्यात, खेटून खेटून.
अख्ख्या उन्हाळ्याला दोन.
मी दचकले, छेद पुन्हा तपासला.
पण भागाकाराला मुभा असते
एखादा लांबलचक काठ सोडून द्यायची;
चूक तिथेही मापाबाहेर जात नाही.

मेमो आला त्या दिवशी
आबा पट्टीवरचा गाळ पुसत होते.
‘नदी जठे वयस, तठे बठनं पडस.
बाकीनी वाट ती एकली चालस.’
मी तेव्हा सातवीत. मला वाटलं, कामचुकारपणा.

तो चार की पाच, अजून कळत नाही.
माझी रेघ दोन्हींच्या मधून जाते.