कानावरची खूण

इनारीत नोव्हेंबरात सूर्य दुपारीच आवरतं घेतो.
राउनाच्या खिडकीबाहेर अर्धंमुर्धं गोठलेलं तळं,
आत पडद्यावर अकरा हवामान-केंद्रं,
प्रत्येकाचा एकेक क्लास.

पूर्वी त्यांचं सगळं एका वेगळ्या फाइलीत असायचं,
चार हजार ओळी, कंसांनी गच्च.
एन्सिओ ती सांभाळायचा. निवृत्त होताना म्हणाला,
"वस्तू एकीकडे, तिची माहिती दुसरीकडे,
दोघींची गाठ घालता घालता माझे केस गेले."

म्हणून हिने नवी लायब्ररी लिहिली.
आता क्लासच्या डोक्यावरच एक ॲनोटेशन:
@केंद्र(दर = १० मिनिटे, इशारा = बर्फावर पाऊस)
बस.
वस्तूने कुणाच्या दारात जायचं नाही,
काही मागायचं नाही.
लायब्ररी उठते, एकेकीचं कपाळ वाचते,
आणि जिचं तिला देते:
घड्याळ, जोडणी, फोन नंबरांची यादी.
यादीत पहिला नंबर हेआइका मामाचा,
कारण त्याचे तीनशे रेनडिअर उत्तरेच्या रानात.

गुरुवारी रात्री बर्फावर पाऊस पडला.
मग कडाक्याचं गारठलं.
जमिनीवर काचेचा थर, काचेखाली दगडफूल,
आणि वर, खुरं घासणारी जनावरं.

इशारा गेला सकाळी सहाला.
दिवसातून एकदा: कुणी काहीच सांगितलं नसेल
तेव्हाचा हा नियम. तिनेच लिहिलेला.

पण सांगितलं तर होतं!
राउनाने पडद्यावर बोट ठेवून वाचलं,
दहा मिनिटे. बर्फावर पाऊस.
एकही अक्षर चुकलेलं नाही.
तिने कॉफी केली, प्यायची विसरली.
लायब्ररीलाच विचारलं, काय दिसतंय तुला या कपाळावर?
उत्तर आलं: काही नाही.
अकरा वेळा, काही नाही.

सटवाई पाचव्या रात्री लिहून जाते म्हणतात,
ते वाचता कुणालाच येत नाही.
इथे उलटं. लेख सगळ्यांना वाचता येत होता,
जिने वाचायचा, तिच्याखेरीज.

मध्येच मामाचा फोन. रागावला नव्हता,
ते जास्त लागलं.
"गवत नेतोय. गाडीत जागा आहे, येतेस?"
ती म्हणाली, खूण आहे मामा, मी स्वतः केली,
तरी दिसत नाहीये.
पलीकडे इंजिनाचा आवाज. मग तो म्हणाला,
"गळ्यात नंबर बांधलास, की कान कापलास?"

उन्हाळ्यात वासरांच्या गळ्यात दोरीने नंबर बांधतात,
कोण कुणाच्या आईमागे जातंय ते बघण्यापुरता.
मग दोरी सोडतात, आणि सुरी घेऊन
कानाच्या कडेला घराण्याची खाच.
दोरीचा नंबर रानात जात नाही.

तिने ॲनोटेशनची स्वतःची व्याख्या उघडली.
वरती, कधीतरी घाईत लिहिलेलं:
टिकाव = मूळ मजकुरापुरता.
म्हणजे कंपायलरने सगळं घेतलं
आणि खूण तेवढी कोंड्यासारखी पाखडून टाकली.
डोळ्यांना दिसत राहिली,
चालू झालेल्या जगात ती नव्हतीच.

एक शब्द बदलला: चालू असेपर्यंत.
अकरा केंद्रं एकेक करून बोलू लागली.
काल रात्रीचं मात्र कुणीच बोललं नाही.

रानात पोचले तेव्हा तीन वाजले होते, काळोख.
मामाने हेडलाइट चालू ठेवून गठ्ठे सोडले.
जनावरं आली, आधी म्हाताऱ्या माद्या,
मग बिचकत एक वासरू,
गळ्यात अजून सत्तेचाळीस नंबर, फाटका.

"हे राहिलं," मामा म्हणाला. "तेव्हा सापडलंच नाही."

राउनाने हातमोजा काढून
त्याच्या कानाच्या कडेवरून बोट फिरवलं.
अखंड, गरम, केसाळ.
वासराने मान झटकली आणि गवतात तोंड घातलं.