मलाखीनंतरची चार पानं

सुगंधाताई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी
मी कपाटावरचं बायबल खाली काढलं.
वर्तमानपत्रात निधनवार्ता द्यायची होती
आणि तिचं जन्मसाल कुणालाच नक्की आठवेना.

आमच्या घरी जन्म-मृत्यू मलाखीनंतर लिहितात.
जुना करार संपलेला, नवा सुरू व्हायचा,
मध्ये चार कोरी पानं,
तिथे आमचं बिऱ्हाड.

कसर लागलेली. कडुनिंबाचा पाला चुरा होऊन
ओळींवर सांडलेला. फुंकर मारताना हात आडवा धरला,
पणजोबा उडून जाऊ नयेत.

ताई सापडली: १९४३, बाबांच्या शाईत, 'पहाटे. थंडी फार.'
तिथेच थांबायला हवं होतं.

सगळ्यांत वरची नोंद मोडीत.
सिन्नरच्या एका निवृत्त तलाठ्याने भिंग लावून वाचली:
'रूबेन, पूर्वीचा राघो, चांदोरीचा.
शलोमी, जहाजावरची.
लग्न शरणपुरी, १८७४.'

जहाजावरची.
एवढंच तिचं गाव.

आजोबांच्या केसांत कंगवा अडायचा, दाते मोडायचे.
आई म्हणायची, गोदावरीचं पाणी आहे ते,
आणि आम्ही सगळे हसायचो.

देवळाच्या कपाटात जुन्या मासिकांचे गठ्ठे होते.
चावी सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी देवळालीला.
चौथ्या खेपेला उघडलं.
'बंधू रूबेन, सुतारशाळेचे मिस्त्री,
तीन दिवसांच्या तापाने प्रभूमध्ये निजले.
मंदिराची बाकं यांच्याच हातची.
स्वभाव तापट, पण रंधा सरळ.'
अकरा ओळी. मी मोजल्या.
मग त्याच बाकावर बसून पुढचे गठ्ठे चाळले.
सहा वर्षांनी, पानाच्या तळाशी,
बटाट्याच्या बियाण्याच्या जाहिरातीला खेटून:
'कै. बंधू रूबेन यांची विधवा गेल्या महिन्यात वारली.'

नाव नाही.
ताप होता की म्हातारपण, तेही नाही.

मग रामकुंडावर गेलो.
गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत होता की बाहेर, आठवत नाही.
चांदोरी म्हटल्यावर उपाध्यांच्या मुलाने मोबाइल खाली ठेवला,
आतून लाल बासनातली लांबोडकी वही आणली.
पानं उलटत गेला, बोट थांबलं.
खंडू. त्याचा राघो.
आणि समासात कुणाचा तरी घट्ट दाबलेला बोरू:
'राघो साहेबाच्या धर्मात गेला. पुढे शाखा लिहिणे नाही.'

त्याखाली मात्र, वेगळ्या शाईत, त्याच वळणाचं अक्षर:
'त्यास मुलगा झाल्याचे कळते.'

कुणी सांगितलं असेल?
चांदोरीहून बाजाराला आलेल्या भावाने?
की खंडूनेच, कुंडात ओंजळ सोडता सोडता, खालमानेने?

'आणि त्याची बायको?' मी विचारलं.
'गाव सांगा.'
'जहाज.'
मुलगा हसला नाही. चांगला मुलगा होता.
म्हणाला, 'काका, आमच्या वह्या गावावर लावलेल्या असतात.
गावाशिवाय कुठली काढू?'
चहा सांगितला त्याने. आम्ही दोघं
पाण्याकडे बघत तो प्यायलो.
ते पाणी समुद्राला मिळतं, हे मला माहीत होतं.
तिकडच्या समुद्राला नाही, उलट्या बाजूच्या.

काल वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो.
काउंटरवरची मुलगी पेनाच्या टोकाने ओळी मोजत होती.
सुगंधा रूपवते, निवृत्त परिचारिका,
पश्चात दोन भाऊ, भाचरं,
शलोमी यांची पणती.

'या शलोमी कोण?
फार लांबचं नातं आहे. एक ओळ वाढेल हो.'
'वाढू दे.'

तिने टाइप केलं, मग थांबून वर पाहिलं:
'शलोमीतली मी ऱ्हस्व की दीर्घ?'

दीर्घ, म्हटलं.