ऐकली एक

बोगोटाची पहाट हाडांत शिरते.
एलिएसेर रुआना सावरत फळीवर बसतो,
थर्मासमधली काळी कॉफी आधी मला.
दुर्बीण एकच. पट्टा तुटलेला,
बुटाच्या नाडीनं बांधलेला.

लव्हाळ्यात कुणीतरी
गंजलं दार ढकलल्यासारखं ओरडतं.
'टिंगुआ,' तो म्हणतो, वहीत लिहितो :
ऐकली एक. दिसली नाही.

डोक्यावरून विमान जातं. ओरडणं थांबतं.
आम्हीही थांबतो.

मग, मी न विचारताच :
'ती वस्ती आहे ना, थेट औषधांच्या दुकानापर्यंत,
तिथे पाणी होतं.
मी एकोणीस वर्षांचा. ट्रक माझा, राडारोडा लोकांचा.
दिवसाला अकरा खेपा.
तेव्हाही हे ओरडायचं.
मला वाटायचं, गिअरबॉक्स गेला.'

मी काय बोलणार?
माझं घर त्या दुकानाच्या अलीकडे.
पावसात आमच्या फरश्यांना घाम फुटतो.

तेवढ्यात चिखलावर लाल चोच.
एक पाय उचलून ती विचार करते,
मग टेकवते.

तो दुर्बीण माझ्या हातात देतो,
स्वतः वहीकडे वळतो.
'नाही' खोडायला जातो,
गारठ्यात पेन उमटत नाही.
'तू खोड,' म्हणतो.