बाजू

काउंटरमागच्या मुलीनं पासपोर्ट चाळला,
फोटो पाहिला, मला पाहिलं,
आणि इंग्रजी अर्ध्यात सोडून म्हणाली,
"झिराडकर? म्हणजे आमच्या अलिबागकडच्या की!"
मी म्हटलं, दिमोनाची.
तिनं शिक्का मारला. परदेशी. तीस दिवस.

दिमोना म्हणजे वाळू, कापडगिरणी
आणि दुपारी दोनला अख्ख्या गावाची लोटलेली दारं.
तिथं कुत्रं भुंकलं
तर कुणाचं ते सांगता येतं.
इथं टॅक्सीच्या काचेबाहेर इतके हॉर्न
की एकही कुणाचा नाही.

दोन माणसं कपाटाएवढा आरसा धरून
रस्ता ओलांडत होती, निवांत,
जणू स्वतःच्याच घरात सामान हलवतायत.
सगळं शहर त्यांच्यासाठी थांबलं, शिव्या देत.
आरशात एक टॅक्सी येत होती.
आत एक बाई, तोंड उघडं टाकून बसलेली.
ती मी, हे कळायला वेळ लागला.

पत्ता कागदावर नव्हता.
आई, सेगुलाबाई, लसूण सोलता सोलता सांगायची तो,
शेमाच्या मागोमाग मला पाठ झालेला:
भायखळ्याकडून ये, ट्राम वळते तिथं उतर,
प्याऊ उजव्या हाताला ठेव,
खजुराच्या वखारीवर तिसरा मजला,
दाराला मेझुझा आहे, हात लावल्याशिवाय आत जाऊ नकोस.

मांडवीत उतरले. हिंग नाकात शिरला तो शिरलाच.
गोणपाटावर खजूर होते, आमच्या वाळवंटाकडचे.
इथं ते माझ्यापेक्षा रुळलेले दिसले.
पानवाल्याला आईच्या मराठीत विचारलं,
"दादा, ट्राम कुठं वळते हो?"
तो हिंदीत म्हणाला, "कौन टाम?"
शेजारचा पोरगा हसून हसून खोकला.

कुलपांच्या दुकानातले परकार मात्र हसले नाहीत.
कानस खाली ठेवली, रस्त्यावर आले,
आणि हातातल्या किल्लीनं हवेत एक वळण काढलं.
"हयसून यायची, ही अशी, किंचाळत,
आनि तकडं जायची."
मी त्या वळणावर उभी राहिले.
तेवढ्यात पाठीमागून,
"बाजू! बाजू!"

मी कोपरं अंगाशी घेतली, श्वास धरला,
आणि उकळत्या पातेल्याची वाट पाहू लागले.

कारण आमच्या स्वयंपाकघरात
भात उतरवताना आई हेच ओरडायची.
सात वर्षांची होईपर्यंत मला वाटे
बाजू म्हणजे गरम.
शाळेत एकदा तापलेल्या वाळूवर पाय पडला
आणि मी किंचाळले, बाजू!
कुणालाच कळेना मला काय झालंय.

हातगाडी आली, पोत्यांचा डोंगर घेऊन.
खाली एक वाकलेला माणूस, घामानं काळा,
"मावशी, मरायचंय का?"
मी म्हटलं, नाही.
पहिल्यांदाच इथं माझं मराठी एका दमात समजलं.

प्याऊ सापडला. कोरडा. आत कुणाच्या तरी चपला.
तिसऱ्या मजल्यावर दार नवं, लोखंडी,
पण चौकट जुनी,
आणि तिच्यावर एकाखाली एक दोन भोकं,
हिरव्या रंगानं बुजवलेली.
हात लावला. कुणीतरी आतून विचारलं, कोण पायजे?
काही सुचलं नाही. "ट्राम चुकली," म्हटलं,
आणि जिना उतरले.

रात्री आईचा फोन.
सापडलं का, असं विचारलंच नाही तिनं.
म्हणाली, जेवलीस काय? आवाज कसला गं इतका?
मी गॅलरीतून हात लांब केला,
फोन रस्त्यावर धरला.
खालून उशिराची एखादी गाडी जात होती,
चाकांचा खडखडाट, आणि तोच पुकारा.

फोन कानाला लावला तेव्हा
तिकडून, वाळवंटातून, ती वैतागून म्हणत होती,
"अगं, सरक की. जाऊ दे त्याला."